प्राथमिक शाळेतल्या मुलांचा राग, रडू आणि रुसवा: घरी-शाळेत नक्की काय करता?

सदाफुली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मुलगा दुसरीत आहे, साडेसात वर्षांचा. एरवी गप्पिष्ट, मायाळू, पण हरला की संपलं. कॅरम असो, सापशिडी असो, नाहीतर वर्गातली पाढ्यांची चढाओढ. आधी ओठ बाहेर, मग सोंगट्यांची उधळण, मग भोकाड. परवा पालकसभेत बाई म्हणाल्या, "अभ्यासाचा प्रश्नच नाही हो, पण त्याला भावना आवरत नाहीत. घरी काहीतरी करा." काहीतरी म्हणजे काय ते विचारणार तोवर मागच्या पालकांनी वही पुढे सरकवली होती.

तर प्रश्न असा की ६ ते १० या वयात हे शिकवता येतं का, की वयाबरोबर आपोआप येतं? शिकवता येत असेल तर रोजच्या धबडग्यात नक्की काय करायचं? 'समजावून सांगा' हे उत्तर कृपया नको. समजावायला बसले की तोच मला समजावतो. आणि वयाच्या थिअरीवर माझा विश्वास कमीच आहे. सासूबाई म्हणतात याचा बाप लहानपणी अस्साच होता, आणि बाप चाळिशीतही भारत हरला की रिमोट आपटतो.

शुंभ_निशुंभ

आमच्या वेळी यावर एकच कोर्स होता, पाठीत धपाटा. कालावधी दोन सेकंद, फी माफ. (ह. घ्या.)

मधली_सुट्टी

हलकं घेतलं, तरी लिहितेच. धपाटा खाऊन गप्प झालेलं पोर शांत झालेलं नसतं, घाबरलेलं असतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं म्हणून आपल्याला वाटतं उपाय लागू पडला. शाळेत तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे. 'रडूबाई' म्हणून अख्ख्या वर्गासमोर उभं करणं दुसऱ्यात मोडतं, हे पुष्कळ शाळांच्या गावीही नसतं.

शुंभ_निशुंभ

बरं बाई. पण धपाटे खाऊन आपली पिढी बिघडली का?

खोडरबर

इथले राजकारणाचे धागे चाळून या, उत्तर मिळेल.

शुंभ_निशुंभ

😀 मान्य नाही, पण हसलो.

पेठेतली_आजी

सदाफुली, हरल्यावर रडतो म्हणून खेळ बंद करू नकोस एवढंच आधी सांगते. फार घरांत तेच करतात.

आमच्या वाड्यात पाच वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची पोरं एकत्र खेळायची. सगळ्यात धाकटा लिंबूटिंबू. पळायचं, लपायचं, ओरडायचं, सगळं करायचं, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. वर्ष-दोन वर्षांनी तो स्वतःच पाय आपटून सांगायचा, मला लिंबूटिंबू नका ठेवू. म्हणजे राज्य अंगावर घ्यायची त्याची तयारी झालेली असायची. कुणी शिकवलं नव्हतं. आता इमारतीत एकाच वयाची दोन पोरं, दोघांनाही पहिला नंबर हवा, आणि खाली खेळायला सोडायला आयांना फुरसत नाही.

त्याला दोन मिनिटांत संपणारे खेळ दे. फुली-गोळा, राजा-राणी-चोर-शिपाई. पत्त्यांतलं भिकार-सावकार नको, ते संपता संपत नाही. एका बैठकीत आठ-दहा डाव झाले की एखादा हरल्याचं काही वाटत नाही, कारण पुढचा मांडलेलाच असतो. कॅरमचा बोर्ड पाऊण तास चालतो. एवढा वेळ घालवून शेवटी राणी दुसऱ्याने नेली तर मीसुद्धा उधळीन.

तिरकीट

आजी, +१०. आणि टाइमप्लीज कशी विसरलात?

आमच्याकडे मूठ तोंडाशी नेऊन 'टाइमप्लीज' म्हटलं की समोरचा कितीही दांडगा असला तरी हात लावू शकत नसे. चप्पल तुटली, धाप लागली, रडू आलं, कारण विचारायचं नाही. आम्ही घरात तोच नियम ठेवलाय. भांडण तापलं की कुणीही टाइमप्लीज घ्यावी, आईबाबांनीसुद्धा. अट एकच, परत यायचं आणि राहिलेलं बोलायचं. बायकोने गेल्या महिन्यात माझ्यावर वापरली, मी वाक्याच्या मध्यात होतो. फार त्रास झाला, पण मुलीने डोळे मोठे करून पाहिलं की नियम बाबांनाही लागू आहे. तिने तो गृहपाठाला वापरून बघितला, तेवढा भाग रद्दबातल ठरवला आहे.

ओंजळ

मी बालसमुपदेशक आहे, शाळांमध्ये काम करते. सदाफुली, 'शिकवता येतं की आपोआप येतं' याचं उत्तर दोन्ही. आवर घालण्याचं काम मेंदूचा कपाळामागचा भाग करतो आणि तो पुरता तयार व्हायला विशी उलटून पाच वर्षं जातात. साडेसाताव्या वर्षी गाडीला इंजिन मोठ्या माणसाचं असतं आणि ब्रेक अर्धवट बसवलेला. म्हणून सुरुवातीला ब्रेक आपला वापरायचा असतो. आपला आवाज, आपला चेहरा, आपलं शेजारी असणं. आधी आपल्यासोबत शांत व्हायचं आणि असं पुष्कळदा झालं की मग एकट्याने. हा क्रम उलटा करून चालत नाही. 'खोलीत जा आणि शांत झालास की ये' हे सात वर्षांच्या पोराला सांगणं म्हणजे जे येत नाही तेच परीक्षेला घालणं.

भडका उडालेला असताना समजावणं वाया जातं, हे तुम्ही अनुभवलंच आहे. त्या वेळी शब्द जितके कमी तितकं बरं. 'का केलंस?' तर अजिबात नको, कारण त्याला खरंच माहीत नसतं आणि विचारलं की तो काहीतरी कारण बनवतो.

एका शाळेत तिसरीतला मुलगा चित्र बिघडलं म्हणून चित्रकलेच्या वहीची पानं फाडत होता. मी त्याच्या शेजारी फरशीवर बसले आणि पेटीतल्या पेन्सिलींना टोक करायला लागले. काही बोलले नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. शार्पनरमधून साल गोल गोल उतरत होतं. तो फाडत होता, मग हळू फाडायला लागला, मग नुसता बघायला लागला. शेवटी आपली पेन्सिल पुढे केली, "मॅडम, याला पण." तिला टोक करून झाल्यावर मग आम्ही बोललो. पानं त्यानेच गोळा केली आणि चिकटपट्टीने जोडली. ते जोडणं महत्त्वाचं. राग येण्याला हरकत नाही, फाडलेलं मात्र निस्तरायचं, हे दोन्ही त्याला एकदमच कळलं पाहिजे.

श्वासाचे खेळ उपयोगी आहेत, पण सराव एरवी करायचा, झोपताना, रिक्षात बसल्या बसल्या. उच्छ्वास लांबवला की हृदयाचे ठोके उतरतात, एवढीच गोम आहे. साबणाचे फुगे, भुंग्यासारखं गुणगुणत भ्रामरी, बासरी फुंकणं, काहीही चालतं. राग आल्यावर पहिल्यांदाच 'दीर्घ श्वास घे' म्हटलं तर मूल तुमच्यावरच आणखी चिडेल.

अक्कलकाढा

वाचायला छान आहे. पण चाळीस पोरांच्या वर्गात एकाने वही फाडली तर बाईंनी फरशीवर बसून पेन्सिली तासायच्या? उरलेली एकोणचाळीस काय करतील? आणि एवढे चोचले पुरवून दहावीनंतरच्या जगात त्याच्या शेजारी कोण बसणार आहे?

गुर्जी_जिप

अक्कलकाढा, तासतो की राव. बीड जिल्ह्यात द्विशिक्षकी शाळेवर आहे. पहिली ते चौथी, एका खोलीत दोन वर्ग. शेजारी बसून टोक करायला वेळ रोज मिळतो असं म्हणत नाही. पण समुपदेशक नसलेल्या शाळेत काय होतं ते सांगतो.

भांडणाला वेळ असते. आमच्याकडे खिचडी शिजायच्या आधीचा अर्धा तास. निम्मी पोरं सकाळी चहाबरोबर पाव नाहीतर शिळी भाकरी खाऊन आलेली असतात. वास सुटलेला असतो आणि ताट मिळालेलं नसतं. तेव्हा कुणी कुणाची पाटी पुसली एवढ्यावरून डोकी फुटायची वेळ येते. त्या अर्ध्या तासाला मी गणित लावत नाही. गाणी घेतो, मातीकाम घेतो, नाहीतर सरळ मैदानावर काढतो. पोटात काही नसलेल्या लेकराला संयम शिकवायला जाऊ नये.

आणि दुसरं म्हणजे 'सर, पाणी प्यायला जाऊ?' हे वाक्य. बऱ्याच शिक्षकांना ती टाळाटाळ वाटते. कोण कधी विचारतं ते एक आठवडा नुसतं बघा. ज्याचं उत्तर फळ्यावर चुकलं तो. ज्याला शेजारच्याने चिडका बिब्बा म्हटलं तो. वाचायचा नंबर दोन पोरांवर येऊन ठेपला ती. लेकरू स्वतःहून उठतं, उन्हातून टाकीपर्यंत जातं, तोंडावर पाण्याचा हबका मारतं, वाटेतला एखादा दगड लाथाडतं आणि परत येऊन बसतं. याला कुठला कोर्स लागला नाही. माझा नियम एका वेळी एकाने जायचं, आणि परत आल्यावर 'एवढा वेळ का' असं विचारायचं नाही.

आता यातलं काहीच जिथं लागू पडत नाही ते. दिवाळी झाली की आमचं गाव निम्मं मोकळं होतं, ऊसतोडीला टोळ्या निघतात. काही पोरं आईबापाबरोबर फडावर जातात, काही आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. तिसरीत एक पोरगा होता, आजीपाशी राहिलेला. आई गेल्यापासून जो दिसेल त्याला मारायचा. खिचडी खाऊन मारायचा, पाणी पिऊन मारायचा. श्वास बिस करून झाले. मग मी टोळीच्या मुकादमाचा नंबर मिळवला आणि दर गुरुवारी दुपारच्या सुट्टीत आईशी फोन ठरवला. दुसऱ्याच आठवड्यापासून बुधवारी विचारायला लागला, "सर, उद्या गुरुवारच ना?" मारामारी थांबली नाही, खोटं कशाला सांगू. पण आठवड्याला एक दिवस तरी त्याच्या हातात आला. फडावर रेंज नसली की फोन लागायचा नाही, मग तो शुक्रवार सगळ्यांनाच जड जायचा.

दहावीनंतरच्या जगाचं मला ठाऊक नाही. तिसरीत मात्र शेजारी कुणीतरी लागतं.

मधली_सुट्टी

गुर्जी, दंडवत. वाचनखूण साठवली.

खोडरबर

'पाणी प्यायला जाऊ?' हे मी ऑफिसात अजून वापरतो. फक्त आता पाण्याऐवजी चहा आणि टाकीऐवजी टपरी.

रँडमवॉक

गुर्जींच्या गुरुवारावरून आठवलं. स्टॅनफर्डचा मार्शमॅलोचा प्रयोग बहुतेकांना माहीत असेल. वॉल्टर मिशेलने १९६० च्या दशकाच्या अखेरीस नर्सरीतल्या मुलांपुढे मिठाई ठेवली, आत्ता खाल्लीस तर एक, मी येईपर्यंत थांबलास तर दोन. थांबणारी मुलं पुढे हुशार निघाली अशी त्याची ख्याती झाली आणि पालकांनी घरोघरी पोरांपुढे गुलाबजाम ठेवून व्हिडिओ काढले. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी जास्त मुलांवर तो पुन्हा तपासला. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तो संबंध पुष्कळच पातळ झाला.

मला त्याहून रोचक वाटतो तो सेलेस्ट किडचा, २०१३ मध्ये छापून आलेला प्रयोग. लहान, २८ मुलांचा. मिठाईच्या आधी मुलांना चांगले रंगखडू आणून देतो असं सांगायचं. निम्म्यांना खरंच आणून द्यायचे, निम्म्यांना 'अरेरे, नाहीयेत' म्हणायचं. नंतर मिठाई. शब्द पाळणारा माणूस ज्यांना भेटला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, ज्यांना फसवणारा भेटला ती ३ मिनिटं. म्हणजे संयम पोराच्या अंगात किती यापेक्षा समोरच्याचा भरवसा किती, याला फार महत्त्व. 'आत्ता रडू नको, संध्याकाळी बागेत नेते' म्हणून संध्याकाळी सोयीस्कर विसरणाऱ्या आईबाबांनी हे फ्रिजवर चिकटवावं.

मिशेलच्या प्रयोगातला सगळ्यांनी दुर्लक्षलेला भाग म्हणजे जी मुलं थांबली ती दात-ओठ खाऊन थांबली नाहीत. त्यांनी पाठ फिरवली, डोळे झाकले, गाणी म्हटली. म्हणजे गुर्जींच्या भाषेत पाणी प्यायला गेली. ही युक्ती आहे, आणि युक्ती शिकवता येते.

चिमणचारा

माझ्या भाचीला एका वर्गात सांगितलंय की राग आला की उशी बडव, राग बाहेर पडतो. हे बरं ना?

रँडमवॉक

पुरावा उलटा आहे. ब्रॅड बुशमनने २००२ मध्ये ६०० कॉलेजातल्या मुलामुलींना मुद्दाम चिडवून हे तपासलं. ज्याने चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅग बडवणारे सगळ्यात जास्त चिडलेले राहिले, नुसते गप्प बसलेले त्यांच्यापेक्षा शांत. मोठ्यांवरचा प्रयोग आहे हे खरं, पण सात वर्षांच्या पोराला राग आला की बडव ही सवय लावावी असं मला वाटत नाही. आज उशी, उद्या धाकटी बहीण.

तिरकीट

पण धावून आलं की पोरं शांत होतात हे तर रोज दिसतं?

ओंजळ

हो, पण धावताना ते रागावर घोटाळत बसत नाहीत, तिथे फरक पडतो. चिडलेल्या मुलाला दोन जिने चढ-उतर करायला सांगा, जड दप्तर उचलून ठेवायला सांगा, कणीक मळायला द्या. अंग कामाला लागतं आणि मन जरा बाजूला होतं. कुणाला तरी मारतोय अशी कल्पना करत बडवणं वेगळं.

लेस्टरकर

इथे इंग्लंडमध्ये धाकटीच्या प्राथमिक शाळेत भिंतीवर चार रंगांचा तक्ता आहे. लिआ कायपर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने २०११ मध्ये पुस्तक काढलं, त्यातली ही पद्धत इथल्या बऱ्याच शाळांत दिसते. निळा म्हणजे मरगळलेलं, दमलेलं, उदास. हिरवा म्हणजे शांत, अभ्यासाला तयार. पिवळा म्हणजे चुळबुळ, काळजी, अति उत्साह. लाल म्हणजे ताबा सुटलेला. सकाळी आल्यावर आपल्या नावाची पट्टी त्या त्या रंगावर लावायची.

फायदा आहे. सहा वर्षांच्या पोराला 'मला अस्वस्थ वाटतंय' सांगता येत नाही, पण पट्टी उचलून पिवळ्यावर लावता येते, आणि बाईंना नजर टाकल्याबरोबर कळतं आज कोण कुठे आहे. तोटा असा की पोरं बिलंदर असतात. बाई हिरव्यावर खूश होतात हे आठवड्यात लक्षात येतं आणि मग सगळा वर्ग हिरवा. लेक घरी येऊन रडते तेव्हा विचारलं, शाळेत पट्टी कुठे होती? "ग्रीन." आजी वारली त्या आठवड्यातसुद्धा ग्रीन. मी शाळेत बोललो. मूळ पद्धतीत कुठलाच रंग वाईट नाही असंच आहे, असं बाई म्हणाल्या, पण ते भिंतीवर उतरलेलं नव्हतं.

आता घरात मला ऐकवते, "बाबा, यू आर इन द यलो झोन." मी मराठीत ओरडत असतो.

खोडरबर

हा तक्ता आमच्या कंपनीत अप्रेझलच्या महिन्यात लावावा. निळा आणि लाल दोनच रंग पुरतील, छपाई स्वस्त.

अक्कलकाढा

रँडमवॉक, तुम्ही पुराव्याचे भोक्ते. मग हे शाळांमध्ये तासिका ठेवून शिकवण्याचं जे खूळ आहे, दिल्लीचा २०१८ चा हॅपिनेस करिक्युलम, आपल्याकडे २०२४ पासून पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार, त्याने काही होतं का?

रँडमवॉक

या दोघांबद्दल मी छातीठोक बोलणार नाही. बाहेरचं सांगतो, आणि ते दोन्ही बाजूंचं आहे. ड्युरलॅक आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशा २१३ शालेय कार्यक्रमांचा एकत्र अभ्यास केला, पावणेतीन लाखांच्या आसपास विद्यार्थी. वागणुकीत सुधारणा दिसली आणि अभ्यासातही ११ पर्सेंटाइलचा फरक. पण चांगले निकाल तिथे, जिथे कार्यक्रम क्रमाने, करून बघत, नीट राबवला गेला. उलट ब्रिटनमध्ये माध्यमिक शाळांतल्या आठ हजारांहून जास्त मुलांवर माइंडफुलनेसची (ध्यानासारख्या सजगतेच्या सरावाची) मोठी चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आले, नेहमीच्या तासांपेक्षा काही फायदा दिसला नाही. अनेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. जे शाळेतल्या अर्ध्या तासापुरतं राहतं ते तिथेच राहतं, असा मी अर्थ लावतो.

गुर्जी_जिप

शनिवार आमच्याकडे पोरांना आवडतो. त्या दिवशी दप्तर नाही एवढ्यानेच निम्मा आनंद होतो. पण शनिवारी ध्यान आणि सोमवारी 'गप बस रे गाढवा' असलं तर पोरं सोमवारचं लक्षात ठेवतात.

मधली_सुट्टी

गिजुभाई बधेकांनी भावनगरला बालमंदिर काढलं ते १९२० साली. शिक्षा नको आणि बक्षीसही नको म्हणायचे. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करून आल्या, पुढे बोर्डीला आणि मग कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी मुलांसाठी अंगणात बालवाड्या भरवल्या. शंभर वर्षं झाली, आणि आपण अजून पाढ्यांच्या चढाओढीत हरलेल्या पोराला रडू आलं म्हणून चर्चा करतोय. चढाओढ कशाला हवी हे कोणी विचारत नाहीये. सदाफुलीच्या मुलाचं निम्मं रडू तिथेच मिटेल.

शुंभ_निशुंभ

चढाओढ काढली तर पाढे कोण पाठ करणार?

मधली_सुट्टी

तुम्हाला येतो का एकोणतीसचा?

शुंभ_निशुंभ

पाणी प्यायला जाऊ?

निशिगंध_७९

मजा चाललीये, त्यात थोडं गंभीर लिहिते. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आता चौथीत. त्याचा भडका बाहेरून हट्टासारखाच दिसायचा. पण हट्टाला प्रेक्षक लागतो, हट्ट करणारं मूल मधूनच आपल्याकडे बघतं. हा कोणाकडेच बघायचा नाही. मिक्सर, शाळेच्या कवायतीतला ढोल, गणवेशाच्या कॉलरचा टोचणारा टॅग, या तिन्ही गोष्टी एका दिवशी आल्या की संध्याकाळी वादळ ठरलेलं. टॅग काढून शिवण उसवून मऊ पट्टी लावली, कवायतीला मागच्या रांगेत उभं केलं. टाइमप्लीज, फुली-गोळा हे आमच्यासाठी नंतरचं होतं, आधी त्रास कमी करणं.

तेव्हा रोजच्या रोज होतंय, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होतेय, झोप-जेवण बिघडलंय, किंवा आधी शांत असलेलं मूल अचानक बदललंय, तर 'मोठा झाला की होईल' म्हणून थांबू नका. अचानक बदललेल्या मुलाला कोणी त्रास देतंय का हे आधी बघा. कान आणि डोळेही तपासा. नीट ऐकू न येणारी मुलं चिडचिडी म्हणून खपून जातात.

ओंजळ

निशिगंध, शंभर टक्के. खाजगी तपासणी परवडत नसेल त्यांच्यासाठी माहिती: २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी शाळांमध्ये आरोग्य पथक येतं आणि जिल्हा पातळीवर डीईआयसी म्हणून केंद्रं आहेत, तिथे वाढ आणि विकासाच्या अडचणी बघतात. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही बोलता येतं.

चिमणचारा

एक विचारू? शाळेत आदर्श आणि घरी पाय ठेवला की राक्षस, असं कोणाचं आहे का? बाई म्हणतात इतकी शहाणी मुलगी नाही. माझ्याच वाट्याला का?

पेठेतली_आजी

कारण दिवसभर तिने धरून ठेवलेलं असतं आणि सोडायला भरवशाची जागा तूच आहेस. दारातच 'आज काय शिकवलं, डबा संपवलास का' सुरू करू नकोस. पोहे, लाडू, काय असेल ते हातात दे आणि अर्धा तास तिला विचारू नकोस. जावयालाही हेच लागू आहे.

लेस्टरकर

आजी, हे बायकोला फॉरवर्ड केलंय.

रानवारा

मुलगा रडला की 'मुलीसारखा काय रडतोस' म्हणणारे काका प्रत्येक लग्नात असतात, त्यांचं काय करायचं? परवा आठ वर्षांच्या लेकाला बोहल्यापाशी ऐकवलं. लेकाने डोळे पुसले आणि शेजारच्या चुलत बहिणीला चिमटा काढला. रडू गेलं आणि राग आला, एवढाच फरक.

खोडरबर

काकांना विदाईच्या वेळी मुलीकडच्या बाजूला उभं करायचं. सगळ्यात मोठ्याने तेच रडतात.

सदाफुली (धागाकर्ती)

बाप रे, दोन आठवड्यांनी आले तर धागा केवढा! सगळ्यांचे आभार.

आम्ही फुली-गोळा सुरू केलाय, रात्री जेवणानंतर, वहीच्या मागच्या पानांवर. आजींचं गणित बरोबर निघालं, सुरुवातीचे डाव हरला की रडवेला होतो आणि मग विसरतो. कॅरमला अजून हात लावलेला नाही. टाइमप्लीजचा घरात सर्वाधिक वापर त्याचे बाबा करत आहेत, विशेषतः भांडी घासायची वेळ झाली की. पण परवा मॅच हरल्यावर रिमोट न आपटता ते टाइमप्लीज म्हणून गॅलरीत गेले आणि चिरंजीव मागोमाग गेले. दोघं तिथे काय बोलले मला सांगत नाहीयेत.

शाळेत फरक नाही. बाईंना भेटायचंय. काय सांगू? 'चढाओढ बंद करा' म्हटलं तर पुढची तीन वर्षं माझं पोरगं त्यांच्या लक्षात राहील.

गुर्जी_जिप

चढाओढीचं पहिल्याच भेटीत काढू नका. आधी विचारा, कुठल्या तासाला आणि कोणाबरोबर असताना होतं. बाईंनी तेवढं आठवून सांगितलं तरी खूप कळेल. डब्याच्या आधी होत असेल तर छोट्या सुट्टीत खाऊ वाढवा. मग एकच मागणी करा, ओठ बाहेर आले की त्याला काहीतरी काम सांगून वर्गाबाहेर पाठवा. डस्टर झटकून आण, शेजारच्या वर्गातून खडू आण. शिक्षा म्हणून नाही, काम म्हणून. पोराची पत राहते आणि बाईंचा तासही चालू राहतो. पन्नास पोरं असली तरी हे जमतं. दोन-तीन मागण्या एकदम ठेवल्या तर एकही होणार नाही, शिक्षक म्हणून सांगतो.

अक्कलकाढा

हे पटलं. खडू आणायला पाठवायला कोणाची ना नसावी.

शुंभ_निशुंभ

जाता जाता, आमचे वडील नातवाशी खेळताना मुद्दाम हरतात. त्यामुळे तो आजोबांशी राजा आणि शाळेत रडका. आजी, यावर?

पेठेतली_आजी

मुद्दाम हरू नये. पोरांना कळतं, आणि मग खरं जिंकलं तरी खरं वाटत नाही. त्यापेक्षा आधीच सवलत द्यावी, उघड सांगून. बुद्धिबळाला वजीर काढून बसावं, कॅरमला डाव्या हाताने खेळावं. हरला तर हरला. आणि जो हरेल त्याने पुढचा डाव मांडायचा, पहिली चाल त्याचीच. हात सोंगट्या लावण्यात गुंतले की उधळायला मोकळे राहत नाहीत.

शुंभ_निशुंभ

वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, "डाव्या हाताने खेळलो तरी मीच जिंकेन." नातू शेजारीच होता, तो ओठ बाहेर काढतोय. बोर्डाला पावडर टाकायला घेतलीये.